पडद्यामागची बोंब पार्टी

भाऊसाहेबांनी आमच्या बोंब पार्टीला फसवलं. मंत्र्यांसमोर, भरदुपारी, मैदानभर माणसांत फसवलं.

गाणं आमचं. आवाज आमचा. स्टेजवर तोंडं हलवत होती हायस्कूलची सहा पोरं, परीटघडीच्या कपड्यांत, डोक्याला फेटे बांधून. आम्ही तिघं त्यांच्या पाठीमागे, हिरव्या पडद्याआड, माइकसमोर उकिडवे. फटीतून मला दिसत होतं. एक पोरगा चंदेरी कागद लावलेलं खोटं डफडं बडवत होता. माझा हात खाली यायचा तेव्हा त्याचा वर असायचा. पोरांच्या तोंडून बाईचा आवाज येत होता, तरी कोणाला काही वाटलं नाही. मंत्री मान डोलवत होते.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या डोणगावच्या सहकारी सोसायटीचे अध्यक्ष. मी गावच्याच बाजारात जुने कपडे विकणारा. पाठीवर गाठोडं घेऊन सुरुवात केली, आता स्वतःचं पाल टाकतो. सौद्यात मला कोणी हरवत नाही. म्हणूनच ही गोष्ट अजून जळते.

माझा बाप पोळ्याला पाटलाच्या बैलांपुढे डफडं वाजवायचा. दीक्षा घेतल्यावर वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, वाजवणंही सोडलं. बापानं डफडं आढ्याला टांगलं. ते मी खाली काढलं, तेव्हा बाप अंगावर धावून आला.

"गुलामीचं चामडं हाय ते! आता कोनापुढं वाजवतं बे?"

"कोनापुढं नाही, बा. पाटलायच्या नावानं बोंब ठोकायले वाजवतो."

तिसऱ्या दिवशी त्यानंच ते चामडं ताणावं म्हणून जाळावर शेकून दिलं.

बोंब पार्टीत मी डफड्यावर. सुदाम सोसायटीच्या गोदामात हमाल, तो तेलाच्या रिकाम्या डब्यावर. आणि माझी मोठी बहीण, शेवंताअक्का. ती गायची नाही, ओरडायची. पेटी नाही, तबला नाही, सूर धड नाही. दोन मिनिटांचं गाणं, छाती फुटेस्तोवर. बाजारात एक मास्तर म्हणाले, "हे संगीत नाही, भांडण आहे."

अक्का म्हणाली, "हाव मास्तर, बराबर वळखलं तुमी."

राज्य नवं होतं. गावोगावी सोसायट्या, समित्या, उद्‌घाटनं. भाषणात सगळे एक. विहिरीवर मात्र आमच्या बाया घागर घेऊन बाजूला उभ्या, कोणी वरून पाणी ओतेल तेव्हा. त्यावरच आमचं गाणं होतं:

विहीर खंदली आमच्या बापानं,
पानी भरलं तुमच्या घरानं,
दूर सरक म्हनता कोन्या तोंडानं?

बाजारात आम्हाला दगड बसले. मग दुसऱ्या गावांहून बोलावणी आली. पोरं आमच्यासारखे डबे बडवू लागली. तेव्हा भाऊसाहेबांनी मला घरी बोलावलं. सोसायटीच्या नव्या गोदामाच्या उद्‌घाटनाला मंत्री येणार होते. त्यांना दाखवायचं होतं की गावात काही भेदभाव नाही, असलं गाणंसुद्धा गाव स्वतःच्या स्टेजवर घेतं.

मी तीन अटी घातल्या. गाण्यातला एक शब्द बदलणार नाही. पार्टीचं नाव लाउडस्पीकरवरून तीनदा घ्यायचं. जेवण सगळ्यांसोबत, एकाच पंगतीत.

"मंजूर," भाऊसाहेब म्हणाले.

एवढंच. घासाघीस नाही, कपाळाला आठी नाही. बाजारात गिऱ्हाईक पहिल्या बोलीला हो म्हणालं की मी गाठोडं पुन्हा सोडून बघतो, आपलं काय चुकलं म्हणून. त्या दिवशी मी बघितलं नाही. मी खूश होतो. वस्तीत सांगत फिरलो, भाऊसाहेबाले तीनही अटी मान्य करायला लावल्या म्हणून.

उद्‌घाटनाच्या दिवशी पंगत झाली. आमच्या पानात भाऊसाहेबांच्याच हातानं बुंदी पडली. मग एका कार्यकर्त्यानं आम्हाला मागच्या बाजूनं नेलं. "इथंच बसा, माइक इथं आहे." वाटलं, पडदा उघडेल. लाउडस्पीकरवर नाव आलं, बोंब पार्टी, तीनदा. आणि पडद्यापुढे ती पोरं आली. खूण झाली, आणि आम्ही सुरू केलं. हो, केलं. पहिलं कडवं मी पूर्ण वाजवलं. ही लाज माझी आहे, ती मी दुसऱ्यावर ढकलत नाही.

टाळ्या पडल्या. पोरांनी वाकून नमस्कार केला.

अक्का माइककडे पाठ फिरवून कुजबुजली, "ओरडून मी राह्यली, अन् नमस्कार ते पोट्टे करून राह्यले?"

दुसऱ्या कडव्याला मी हात थांबवला. सुदामनं डबा उलटा ठेवला. माइकमध्ये काहीच नाही. पुढे पोरांची तोंडं उघडत होती, मिटत होती. आधी कोणीतरी हसलं, मग सारं मैदान.

भाऊसाहेब पडद्यामागे धावत आले, माइक हातानं दाबला. "काऊन थांबला बे? तुयी कोणती अट मोडली मी, सांग!"

मी तीनही अटी बोटांवर मोजल्या. खरंच एकही मोडली नव्हती.

"मंत्र्यासमोर हे असे कपडे, बाईमाणूस ओरडणार, बरं दिसते का? आवाज तर तुमचाच आहे ना?"

अक्का उठली. पडदा धरला आणि ओढला. दोरीसकट खाली. आम्ही तिघं सगळ्यांसमोर उभे. तिनं माइकशिवाय दुसरं कडवं सुरू केलं. मी डफडं उचललं. दोन ओळी झाल्या आणि कार्यकर्त्यांनी आम्हाला दंडाला धरून खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सुदामला गोदामावर येऊ नको म्हणून निरोप आला. आता आम्हाला कोणी स्टेज देत नाही. आम्ही मागतही नाही. बाजारात जमिनीवर उभे राहतो आणि गातो. अटी घालणं मी बंद केलं. आपलं गाणं गाताना आपण दिसावं, ही अट घालायची गोष्ट आहे, हे मी मानायलाच तयार नाही.

त्या वर्षाच्या स्नेहसंमेलनात हायस्कूलच्या पोरांनी तेच गाणं म्हटलं. शब्द बदलून. विहीर खंदली सरकारनं, पाणी भरलं साऱ्या गावानं. बाया अजून तिथंच, घागर घेऊन बाजूला.

भाऊसाहेब, आमचा आवाज तुम्हाला चालला, तोंडं का चालली नाहीत? याचं उत्तर द्या. घरी बोलावून नको, चहा पाजून नको. बाजाराच्या दिवशी या, विहिरीपाशी उभे राहा, आणि आमच्या बायांसमोर द्या. तोवर दर बाजारी आम्ही तुमचं नाव घेऊन ओरडणार.