आमची सालं, शेजारच्यांचा गॅस

आज रविवार, सकाळी साडेनऊ वाजता शेजारच्या सोसायटीतली नलू, माझी शाळेपासूनची मैत्रीण, डबा घेऊन आली. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा. "आमच्या सोसायटीच्या बायोगॅसवर केलाय गं!"

शिरा उत्तम होता, याचंच जास्त वाईट वाटलं.

डोंबिवलीकरांनो, ऐका. बायोगॅसची कल्पना आधी मी मांडली होती, आमच्या सोसायटीच्या सभेत. "वास येईल, काकू," म्हणून सेक्रेटरींनी ती उडवून लावली. आता आमचाच ओला कचरा रोज नलूच्या सोसायटीत जातो. आम्ही सालं पुरवायची आणि सिलिंडरची वाट बघायची. आखातात जहाज अडलं की माझा चहा अडतो, नलूचा नाही. आणि देशाने इंधनात स्वावलंबी व्हावं म्हणून झेंडावंदनाला भाषणं ठोकणारे आमच्याच कमिटीत!

डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आमच्या आयांची शिकवण. मी साखर घालायला उठले, तर नलू हसून म्हणाली, "साखर नको गं, सालंच दे. तुमच्याकडच्या सालांचा गॅस छान होतो."

जळफळाट झाला माझा. उघड सांगते.

डबा अजून ओट्यावरच आहे. सेक्रेटरीसाहेब, आपल्या आवारात प्लांट कधी बसवणार? येत्या रविवारी सकाळी दहापर्यंत लेखी उत्तर हवं. तोवर माझ्या घरातलं एकही साल गेटबाहेर जाणार नाही. आणि वास आलाच, तर तुमचं दार माझ्या दारासमोरच आहे.