घोड्याचा दुसरा कान

विनिपेगच्या ग्रोसरीत कोथिंबीर बघत होते तेव्हा नंदिनीचा फोन आला. "मावशी, बाबा सकाळी गेले... झोपेतच." मी जुडी हातात धरून "बरं" म्हणाले. त्याला आता सहा आठवडे झाले.

नंदिनीचे बाबा, वसंतकाका, रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर. त्यांच्याकडे मी चार वर्षं पोळ्या करायला जात होते. आठवीत शाळा सुटलेली, लेकीकडे राहायला आलेली, बसमध्ये चढताना ड्रायव्हरला दोनदा विचारून घेणारी मी. काकांनी पहिल्याच दिवशी बेसमेंट दाखवलं. भिंतीवर एकाच लढाईच्या चित्राचे सात फोटो... एकमेकांना चावणारे घोडे, खाली पडलेला शिपाई. मूळ चित्र इटलीतलं, पाचशे वर्षांपूर्वीचं, ते हरवलं. उरल्या त्या नकला आणि नकलांच्या नकला. आठवा मात्र खराखुरा जुना कागद, इथल्याच एका इस्टेट सेलमध्ये, गेलेल्या माणसाच्या घरातलं सामान विकतात तिथे, काकांना मिळालेला. कोणी कोणाचं बघून काढलं हे ते चुकांवरून लावायचे. "सगळ्यांच्या घोड्याला एकच कान," ते म्हणायचे, "माझ्याला दोन. बाकीच्यांनी एक खाल्ला, शालनताई! म्हणजे माझा कागद आधीचा." अकरा वर्षं त्यांचा लेख या कानावर उभा होता.

एकदा फोटो काढायला त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. मी हात दोनदा धुतले. ते खिडकीकडे पाठ करून उभे, मी कागदामागे. बर्फावरचं ऊन कागदातून आरपार आलं आणि रेघारेघांवर बारीक भोकं चमकली. मला नागपूरचं दुकान आठवलं. शाळा सुटल्यावर मी तिथे साड्यांच्या भरतकामाचे खाके टोचायचे. चार कागद एकावर एक ठेवून सुईने टोचायचे; भोकांवर पूड चोळली की नक्षी कापडावर उतरते. खालच्या कागदांवर नुसती भोकं. मग कोणीतरी ती पेनाने जोडायचं आणि जोडताना मनाचं एखादं पान वाढवायचं. मीही वाढवलंय, बोलणी खाल्लीत. या घोड्याच्या दुसऱ्या कानाला एकही भोक नव्हतं.

दोन आठवडे नुसत्या पोळ्या लाटून घरी गेले. शिकलेल्या माणसाला मी काय सांगणार... आणि सांगितलं तर हे घर तुटेल, ही धास्ती. शेवटी पोळी लाटता लाटता, त्यांच्याकडे न बघता बोलले. "काका, तो कान मागाहून काढलाय. उजेडाला धरा, त्याला भोकं नाहीत. तुमचा कागद खाका आहे. खालचा. नागपुरात मीही असंच जास्तीचं पान काढायचे."

ते उठून बेसमेंटमध्ये गेले. पोळ्या गार झाल्या. वर आले ते थेट ताटावर बसले.

"अकरा वर्षं भिंगातून बघतोय. उजेडाला धरला नाही कधी." मग, "तुम्ही ते जास्तीचं पान का काढायचात हो?"

"कंटाळा यायचा, काका."

ते इतके हसले की ठसका लागला. "म्हणजे तिकडेही कोणीतरी कंटाळलं होतं!"

लेख त्यांनी पहिल्यापासून लिहायला घेतला. अर्धा राहिला. मागच्या रविवारी नंदिनी कागद आवरत होती, तेव्हा मीही मदतीला गेले. तो फोटो सापडला. चित्राच्या दोन्ही कडांना माझी बोटं, इतकं धुऊनही नखांत कणीक. "मावशी, लेखात घालताना बोटं क्रॉप करू?" तिने विचारलं, आणि मी "कर ना" म्हणणार तोवर तिने फोटो उलटा केला. मागे काकांच्या अक्षरात होतं : बोटं कापू नयेत. खाका यांनी ओळखला.