दाराखालची फट

कुरुंदवाड सोडलं त्या सकाळी टेम्पोत सगळ्यात शेवटी अब्बांची हत्यारांची पेटी चढली. अब्बांनी सारा जन्म सुतारकाम केलेलं. हात थरथरायला लागल्यापासून रंधा बंद होता, तरी पेटी त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. दोन पुरांनंतर घराच्या भिंतींनी छातीपर्यंत ओल धरली होती, अम्मी जाऊन वर्ष झालं होतं, आणि मी कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. त्यांना एकटं ठेवणं मला शक्य नव्हतं. अब्बांची धाकटी बहीण, आमची जुबेदाफुफी, गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आली. तुम्ही गल्लीतले सगळे आपापल्या दारांत उभे होता. अब्बांनी तुमच्याकडं वळून बघितलं नाही, ते मनाला लावून घेऊ नका. त्यांना बघवत नव्हतं.

घर मी शहराबाहेर माळावर घेतलं होतं. दोन खोल्यांचं, उंचावरचं. पाणी कधी चढणार नाही, एवढंच बघितलं. वारा बघितला नाही. दिवाळी सरली तसा पुढच्या खोलीत असा वारा घुसायला लागला की खिडकी बंद असताना पडदा हलायचा. मागच्या खोलीवर दुपारभर पश्चिमेचं ऊन. वर तापलेला स्लॅब, आत जीव गुदमरायचा. सकाळी खाट मागं, दुपारी पुढं, असं आमचं चाललेलं. कुरुंदवाडच्या जाड मातीच्या भिंतींत हे कधी जाणवलंच नव्हतं.

डिसेंबरात अब्बांचा खोकला छातीत उतरला. "यांना वाऱ्याच्या झोतात बसवू नका," डॉक्टर म्हणाले. घरी येऊन अब्बा खाटेवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "ह्या घरात माझं जमायचं न्हाय. संक्रांत झाली की मला सोडून ये."

"तिथं ओल हाय, अब्बा."

"आसू दे. ओल माझी हाय की."

संक्रांतीच्या आत हे घर नीट करायचं, एवढं मी ठरवलं.

सुताराला फोन केला. "मॅडम, एवढ्या कामाला कोण येतंय?" म्हणाला. मग रविवारी एक उदबत्ती पेटवली आणि दारं-खिडक्यांच्या चौकटीभोवती सावकाश फिरवली. जिथं धूर वाकला, तिथं शाळेतल्या खडूनं खूण केली. बाजारातून चिकटणारी फोमची पट्टी आणून सगळीकडं लावली. दुसऱ्या दिवसापासून पुढचं दार लागेना. खांदा देऊन ढकलावं लागायचं, आणि खालच्या फटीतून वारा होता तसाच. अब्बा खाटेवरून बघत होते.

पुढच्या रविवारी मी पट्टी खरवडून काढायला बसले, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"दार झुकलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल हाईत. आधी त्ये बघ, मग पट्ट्या चिकटव."

ते उठले, पेटी उघडली. सैल भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकून आम्ही स्क्रू परत पिळले. दार सरळ झालं. मग खालच्या फटीसाठी लाकडाची पट्टी तासायची होती. अब्बांनी रंधा धरला, हात थरथरला, रंधा वाकडा गेला. पुन्हा धरला, पुन्हा तेच. मग रंधा माझ्याकडं सरकवला. लहानपणी त्यांनी मला त्याला हात लावू दिला नव्हता.

"दाबू नको. त्येला चालू दे," म्हणाले. "हां. आता पुढं."

तीन पट्ट्या मी वाया घालवल्या. चौथी बसली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कधी निघायचं?"

"आणि मागच्या खोलीचं काय?" अब्बा म्हणाले. "उन्हाळ्यात तिथं भाजून मरायचं का काय?"

त्यानंतर कुरुंदवाडला जायचं नाव त्यांनी काढलं नाही. मार्चमध्ये आम्ही स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचा पडदा टांगला, आणि गरम हवा निघून जायला भिंतीत उंचावर झरोका पाडून त्याला झडप बसवली. खोली दुपारी अजून तापते, पण बसवतं.

परवा जुबेदाफुफीचा फोन आला. यंदा ओलीनं तिचा दमा उसळलाय. अब्बा म्हणाले, "इकडं ये. पुढच्या खोलीत नीज. वारं येत न्हाय आता."

"लोक म्हणतील, भावाच्या गळ्यात पडली."

"म्हणू देत."

ती उद्या सकाळच्या एसटीनं येतीय. तुमच्यापासून लांब आले तेव्हा मी फक्त पाण्यापासून पळत होते. या माळाला घर म्हणायला जीभ वळत नव्हती. आता अब्बा इथं आपल्या माणसांना बोलावतात. तुमच्यातलं कुणी गारठलं, तर तुम्हीही या. भिंतीकडेला अजून एक खाट मावते.