तुटक्या कपच्यांची बाजू

कोणताही दगड दिसला की त्याच्या पोटावरून ती अंगठा फिरवायची. कर्जत स्टेशनबाहेर रस्त्याची खडी पडलेली असली तरी वाकून एखादी उचलणारच. माणसाने घाव घालून काढलेल्या कपचीला एका बाजूला बारीकसा फुगवटा असतो, तो ती शोधत असे. "आदी हातात घे, मंग बोल रं," हे तिचं पालुपद.

दगडी हत्यारं ओळखायची कशी आणि त्यांची आकडेमोड संगणकावर करायची कशी, हे शिकवणाऱ्या वर्गात आम्ही सोबत होतो. आम्ही विशीतले, ती पंचेचाळिशीची. सगळे तिला ताई म्हणायचो. रसायनीच्या कारखान्यात ती माल तपासायची आणि कामाची पाळी संपली की थेट वर्गात यायची. संगणकाला ती बिचकेल असं आम्हाला वाटलं होतं. कसलं काय! प्रोग्राम अडला की हट्टी बैलाशी बोलावं तशी त्याच्याशी बोलायची आणि तो चालेपर्यंत जागची हलायची नाही.

आम्ही मोजत होतो त्या कपच्या खालापूरकडच्या एका डोंगरावरच्या. डोंगर तिच्या माहेरच्या गावामागचा. तिथे कधी कोणी राहिलंच नाही, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. म्हणून तिथे माणसं बसली, हत्यारं घडवली, हे दाखवायचा तिने ध्यासच घेतला होता. या ध्यासापायी कधी कधी साध्या खडीलाही हत्यार म्हणायची आणि आमच्याशी भांडून हरायची. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं; हरली तरी खाली बघत नाहीत.

तुटक्या कपचीची पूर्ण लांबी मिळत नाही, म्हणून तो रकाना आम्ही रिकामा ठेवत होतो. या कपच्यांवरच्या लेखाच्या तयारीत वर्गाच्या सरांनी रिकामे रकाने असलेल्या सगळ्या ओळी काढायला सांगितल्या. तशी पद्धतच आहे. तिनेच बटण दाबलं आणि पडद्यावरच्या नकाशात कपच्यांच्या ठिपक्यांनी भरलेला डोंगर उजाड झाला. घडवताना तुटून पडलेला सगळा माल, म्हणजे माणसं तिथे बसल्याची खूणच, गेला. उरली चार धड हत्यारं, कोणी वाटेने जाता जाता टाकल्यासारखी.

ताईचं म्हणणं सरळ होतं: लांबीच्या हिशेबातून तुटक्या काढा, डोंगरावरून काढू नका. सर माणूस चांगले, पण घाईत होते. लेखावर पहिलं नाव तिचंच असणार आहे, याची त्यांनी आठवण करून दिली.

"तुटक्या नकोत ना तुमाला? मंग माजं बी नाव काडा," ती म्हणाली. "मी त्यांच्या बाजूची हाय."

लेख तिच्या नावाशिवाय छापून आला. ताईने वर्गात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. मात्र तिने मोजलेली प्रत्येक कपची, तुटकीसुद्धा, कोणालाही बघता येईल अशी इंटरनेटवर टाकली. मला तिचा अभिमान वाटतो आणि तो मी सरांसमोरही बोलून दाखवतो.

परवा फोनवर मी तिला लेखाचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. या डोंगरावर कोणी थांबल्याचा पुरावा मिळत नाही, असं ते वाक्य होतं. पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज आला. कुठे आहेस ताई, मी विचारलं.

"डोंगरावर," ती म्हणाली. "बसलेय."