येसराच्या गुठळ्या

आई शिलाई केंद्रावर जायला लागली, तेव्हा वडिलांनी एकच अट घातली होती. साडेसातला ताट समोर आलं पाहिजे. महिनाभर बघू, नाही जमलं तर बंद करायचं. केंद्रात शाळांचे गणवेश शिवतात. सातला सुटून लोहाऱ्यातल्या आमच्या घरी चालत यायला आईला अर्धा तास लागतो. म्हणजे ती दारात येईल तेव्हाच ताट वाढायची वेळ. मी उमरग्याच्या कॉलेजातून सहापर्यंत घरी येतो, म्हणून स्वयंपाक मी करीन, असं म्हणून बसलो. तोवर मी फक्त चहा केला होता.

"कॉलेजात हेच शिकवतेत का?" वडील म्हणाले. त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. तिथं बसणाऱ्या लोकांना काय सांगायचं, हेही त्यांनी विचारलं.

आईनं मार्ग काढला. भाकरी ती सकाळीच थापून ठेवणार, मी फक्त येसर आमटी करायची. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरं खरपूस भाजून दळलं की येसर होतं. आमच्याकडं त्याचा डबा वर्षभर भरलेला असतो. लसणाची फोडणी, पाणी, तिखट-मीठ, मग येसर. वीस मिनिटांत आमटी तयार. सकाळची कडक भाकरी त्यात कुस्करली की मऊ होते.

तीन आठवडे जमलं. पण दुपारनंतर माझं तासाकडं लक्ष नसायचं. सर फळ्यावर लिहायचे आणि मी मनात लोहाऱ्याला येणाऱ्या जीपमधली माणसं मोजायचो. दहा झाल्याशिवाय ती उमरग्यातून हलत नाही. हे कॉलेजात कुणाला सांगायला मला लाज वाटायची. आईला मशीनवर बसायला आवडतं, ती घरी आल्यावरही कॉलरच्या टिपेबद्दल बोलते, आणि ते माझ्या आमटीवर अवलंबून आहे, हे कसं सांगणार?

चौथ्या आठवड्यात एकदा जीप तासभर थांबली. घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. फोडणी करून पाणी ओतलं, आधण येईपर्यंत दोनदा दाराशी जाऊन आलो. पाणी उसळलं आणि मी घाईत दोन मुठी येसर तसंच कोरडं टाकलं. क्षणात गुठळ्या झाल्या. पळीनं भांड्याच्या कडेला दाबून त्या फोडत राहिलो. फुटलेल्या गुठळीच्या आत कोरडं पीठच निघायचं. तेवढ्यात वडील आले, त्यांच्यामागं आई.

मी वाढलं. वडिलांनी बोटानं एक गुठळी बाजूला काढली.

"गोळ्याची आमटी केलीस व्हय?"

आई हसली नाही. एरवी ती काहीतरी बोलून सावरून घेते. त्या दिवशी तिनं भाकरी कुस्करली आणि खायला लागली. मी वडिलांच्या ताटाकडं बघत होतो. त्यांनी आमटी संपवली, पुन्हा मागितली.

"उद्या येसर आधी गार पाण्यात कालव," ते म्हणाले. "मग आधणात सोड. म्या दोन वर्षं पुण्याला खोलीवर हेच करून खाल्लंय."

हे आम्हाला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, हे तिच्या तोंडावरून कळलं. पण तिनं धरला तो 'उद्या' हा शब्द. ताटातली नजर न उचलता ती म्हणाली, "उद्या मला अर्धा तास उशीर व्हईल. मोठी ऑर्डर हाय."

वडिलांनी उरलेली भाकरी आमटीत कुस्करली.

"मग तुझ्यासाठी झाकून ठेवील की त्यो," ते म्हणाले.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी माझं प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत होतं, म्हणजे घरी पोचायला पुन्हा सात वाजणार होते, ते मी तेव्हा सांगितलं नाही.