दोन सालांतला फरक

चैत्रातल्या सकाळी होटगी रस्त्यावरच्या माझ्या वर्कशॉपमागे कडुनिंबाचा मोहोर सांडलेला असतो, आणि त्याच्या कडवट-गोड गंधात पेट्रोलचा वास मिसळला की अजूनही वाटते, आपण शिकलो हे बरे झाले. गेल्या चैत्रात अशाच गंधात दोन जपानी गाड्या पुण्याहून तपासायला आल्या. दोन्ही लाल, दोन आसनी, उघड्या टपाच्या. मॉडेल एकच, साले वेगळी. जुनीचे दिवे बटण दाबताच पापण्या उघडाव्यात तसे वर येत. नवीचे काचेआड कायम जागे. जुनीची मागची खिडकी पिवळटलेल्या प्लास्टिकची, नवीची काचेची. नवी अंगाने भरलेली, समजूतदार; जुनी इतकी हलकी की चालवणाऱ्याच्या मनातली चलबिचल थेट चाकांपर्यंत पोचावी.

यांतली कुठली घ्यावी, हे विचारायला आले होते नातेपुत्याचे छोटे मालक. त्यांच्या घरी माझे वडील, अण्णा, ड्रायव्हर होते. छोट्या मालकांना गाडी शिकवली ती अण्णांनीच. मी दहावीत असताना छोट्या मालकांनी घरची मोटार उसाच्या ट्रॉलीवर घातली आणि सांगितले, अण्णा चालवत होता. भर अंगणात, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसमोर, अण्णांना हात जोडायला लावून कामावरून काढले. अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. पुढे भाड्याची जीप चालवून त्यांनी मला इंजिनिअर केले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्या पदवीसाठी मी ज्यांच्या ऋणात आहे ते अण्णा रोज आठवतात, आणि त्याच ओघात ते अंगणही आठवते.

"अरे, अण्णाचा पोरगा की तू! लई मोठा झालास. सांग, कुठली घेऊ?"

मी मनापासून सांगितले. वजन, इंजिन, गिअरचा दांडा, दोन्ही सालांतला सगळा फरक. फक्त एक वाक्य मागे ठेवले : जुनी असेल तर भर वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून एकदम पाय उचलू नका, तिचे शेपूट निसटते आणि गाडी गरकन फिरते. ते वाक्य मला महाविद्यालयाने दिलेले नव्हते. जीपच्या पुढच्या सीटवर बसवून अण्णांनी दिले होते.

"आधी जुनी चालवून बघा, मालक," मी म्हणालो.

मागच्या मोकळ्या मैदानात त्यांचे मित्र मोबाइल उंचावून उभे राहिले. तिसऱ्या फेरीला वळण जरा जास्त झाले, मालक दचकले, पाय उचलला गेला. गाडी स्वतःभोवती दोनदा फिरली आणि मुरमाच्या ढिगात अलगद जाऊन टेकली. धूळ बसेपर्यंत माझ्या छातीत जे उसळत होते त्याला आनंद म्हणावे इतके ते निर्मळ नव्हते, पण गोड होते.

"मालक, पार्किंग हितं करत्यात व्हय?" एक मित्र ओरडला.

मालक धुळीने माखून उतरले. आधी माझ्याकडे पाहिले, मग गाडीकडे. "गाडीतच फॉल्ट हाय."

"मालक," मी हळूच विचारले, "चालवत कोण होतं?"

सगळे हसले. छोट्या मालकांच्या चेहऱ्यावर काहीतरी ओळखल्यासारखे उमटले, आणि ते नवीकडे न बघताच निघून गेले.

संध्याकाळी, भिंती तापून उष्ण श्वास टाकत होत्या तेव्हा, मी गावी अण्णांना फोन करून सगळे सांगितले, मागे ठेवलेल्या वाक्यासकट. वाटत होते, अण्णा रागावतील. राग हा माझ्या शिक्षणाबरोबर घरात आला, आणि त्यांचे मौन म्हणजे क्षमा, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो.

"लागलं न्हाय न्हवं त्याला?" त्यांनी आधी विचारले.

"नाही."

मग त्यांनी आवाज खाली आणला, आई ऐकेल म्हणून असेल.

"बघायला माणसं किती हुती?"

मी सांगितले. ते "बरं" म्हणाले. फोन मात्र ठेवला नाही. मीही ठेवला नाही.