साहेबांना भेटणारे दाजी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, कधी कुणावर रागावल्याचे मला आठवत नाही. खूष झाल्याचेही आठवत नाही. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांनी त्यांना एकाच कामासाठी ठेवले होते. बेळगावला जाऊन गोऱ्या कलेक्टर साहेबांना भेटायचे आणि व्यापाऱ्यांचे म्हणणे त्यांच्या गळी उतरवायचे. नवा कर किंवा नवा नियम येणार असे कळले की दाजी काळा कोट चढवून निघत. ते वकील नव्हते, कारकूनही नव्हते. त्यांच्या कामाला गावात नावच नव्हते.

मी बेळगावात शाळामास्तर होतो. दाजी माझ्या खोलीवर उतरत. एकदा कोट झटकता झटकता म्हणाले, "सायबापुढं मागणं आधी काढायचं न्हाय. त्याच्या बागेचं विचारायचं, पोराबाळांचं विचारायचं. मागणं त्यानंच काढलं पायजे."

"पण दाजी, तुम्हाला स्वतःला ते पटलेलं असतं का?"

त्यांनी कोटाची घडी घातली. "मला कोण विचारतंय रं?" म्हणाले. सूर तक्रारीचा नव्हता. बाहेर ऊन आहे, असे सांगावे तसे त्यांनी सांगितले.

निपाणीत त्यांचे घर तंबाखूच्या एका वखारीला लागून होते. हंगामात तंबाखू चाळू लागले की गल्लीभर धूळ उडायची. दारे-खिडक्या लावून जेवावे लागे. आक्काला, माझ्या बहिणीला, तिथेच दमा जडला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वखारी गावाबाहेर न्याव्यात म्हणून वर लिहिले आणि तसा हुकूम निघायच्या बेतात आला. व्यापाऱ्यांनी दाजींना धाडले. वखारी लांब गेल्या तर तिथे कामाला जाणाऱ्या बायाबापड्यांचे हाल होतील, असे दाजींनी साहेबांना पटवले. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. हुकूम निघालाच नाही. व्यापाऱ्यांनी त्यांना हार घातला. घरी येऊन त्यांनी तो खुंटीला अडकवला आणि हातपाय धुतले.

पुढच्या थंडीत आक्काला आडवे होऊन झोपता येईना. ती भिंतीला टेकून बसून राही. मी भेटायला गेलो होतो, तेव्हा माझ्यादेखत ती म्हणाली, "अवो, एवढ्या लोकांसाठी बोलता. एकदा माझ्यासाठी बोला की."

"बोलतो," दाजी म्हणाले.

ते बेळगावला आले तेव्हा मीही साहेबांच्या कचेरीत सोबत गेलो. दाराशी बाकावर बसलो होतो. आतले सगळे ऐकू येत होते. साहेबांनी हसून इंग्रजीत विचारले, "बोला, व्यापाऱ्यांचं काय म्हणणं आहे?"

दाजींनी कोटाची बटणे चाचपली. मग नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाले, "व्यापारी समाधानी आहेत, साहेब. आभार मानायला आलो होतो."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दुसरं काय तोंडात आलंच न्हाय रं."  

घरी जाऊन त्यांनी आक्काला झाले ते जसेच्या तसे सांगितले. तिने ऐकून घेतले. "जेवून घ्या," म्हणाली.

थोड्याच दिवसांनी मी तिला कोगनोळीला, आमच्या घरी, न्यायला गेलो. गाडीत गवत दाजींनीच पसरले, वर वाकळ घातली, दंडाला धरून तिला बसवले.

"तुमी येताय न्हवं?" तिने विचारले.

"बघतो. सोमवारी सायबाची भेट हाय."

मोकळ्या हवेत आक्काचा दमा बराच उतरला. निपाणीला ती परत गेली नाही. दाजी सणावारी पाहुण्यासारखे यायचे, सोप्यावर बसायचे, व्यापाऱ्यांच्या बातम्या सांगायचे आणि संध्याकाळच्या मोटारीने जायचे. घर बदला म्हणून कुणी त्यांना सांगितले नाही, त्यांनीही ते बदलले नाही.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतर दाजी निपाणीतच वारले. दुखणे चार दिवसांचेच. शेवटी मी जवळ होतो. आक्काला सांगायला कोगनोळीला गेलो, तेव्हा ती परसात शेंगा फोडत बसली होती. ऐकल्यावर तिने सूप बाजूला ठेवले.

"शेवटी काय म्हणाले?"

"काही बोलले नाहीत, आक्का."

तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढले. मग म्हणाली, "एकदा बोलाय गेलते की माझ्यासाठी."